भट्टी वाढवली

जळगावच्या त्या थंडगार सभागृहात मोहिनी समोसा हातात धरून बसली होती. समोरच्या पडद्यावर तिच्याच कारखान्याचा आकडा आला आणि तिनं समोसा तसाच बशीत ठेवला.

कार्यक्रम निर्यातदारांसाठी होता. युरोपात लोखंडाचा माल पाठवायचा तर आता मालाबरोबर त्याच्या धुराचाही हिशेब पाठवायचा, असा तिकडे नवा कायदा झालेला. टनामागे हवेत किती कार्बन सोडला ते सांगा. जितका जास्त सोडला तितका कर जास्त, आणि तो भरायचा तिथल्या गिऱ्हाइकानं. आकडा दिलाच नाही तर ते लोक आपल्या मनानं धरतात, आणि परक्यानं आपल्याबद्दल मनानं धरलेलं कधी चांगलं असतं का? म्हणून पुण्याच्या भूमिका मॅडम जळगाव-धुळ्याच्या कारखानदारांना शहाणं करायला आल्या होत्या. पहिल्या रांगेत रावेरचे एक केळीवाले आबा उगीचच येऊन बसले होते. "केळीले पण शे का हाऊ कर?" असं त्यांनी उभं राहून विचारलं. नाही म्हटल्यावर ते निवांत झाले आणि जेवणापर्यंत थांबले.

"हा आपल्याच भागातला नट-बोल्टचा कारखाना," भूमिका मॅडम म्हणाल्या. नाव त्यांनी झाकलं होतं. "असं काम करणाऱ्या इतरांपेक्षा याचा आकडा जवळजवळ दुप्पट आहे. असा आकडा घेऊन गेलात तर गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवेल."

नाव झाकून उपयोग काय? या भागातून युरोपात बोल्ट पाठवणारा कारखाना एकच, धुळ्याजवळच्या नरडाण्याचा, आणि त्याचे मालक रतिलालशेठ मोहिनीच्या शेजारीच बसलेले. निम्म्या सभागृहाच्या माना त्यांच्याकडे वळल्या. शेठ पडद्याकडे बघून हसत राहिले. धंद्यात तोंड पडलं की भाव पडतो, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. मोहिनीला मात्र हसता येईना, कारण तो आकडा तिनं काढलेला होता. कारखान्यात तिला सगळे कार्बनताई म्हणत.

परतीच्या वाटेवर एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी शेठच्या चेहऱ्यावरचं ते हसू तसंच होतं. धुळ्याची वस्ती दिसायला लागली तेव्हा त्यांनी गळ्याचं बटण सोडलं.

"मोहिनीबेन, हॉलंडवाल्यांची मेल आली आहे. पडताळणीला माणूस पाठवतायत. आकडा हाच राहिला तर ते तुर्कस्तानातून बोल्ट घेणार. मग मोठी भट्टी आपण कोणासाठी पेटवायची? आणि तुमचं टेबल तरी कशासाठी ठेवायचं?"

हे त्यांनी अगदी हळू, जवळजवळ मायेनं सांगितलं. ओरडले असते तर मोहिनीला बरं वाटलं असतं.

तिची गोष्ट साधी होती. पुण्याला रसायनशास्त्र शिकली, तिकडेच नोकरीला लागली. वडील गेले तेव्हा आई सोनगीरला एकटी पडली म्हणून परत आली. सोनगीरच्या आसपास तिच्या शिक्षणाला विचारणारं ठिकाण एकच होतं, हा कारखाना. ही नोकरी गेली की पुन्हा पुणं, आणि आई पुन्हा एकटी. आईला पुण्याला चल म्हणून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, तिथल्या बायका हातात घड्याळं घालतात, मी कोणाला बांगड्या भरू?

आता भट्टीचं सांगायला हवं. कारखान्यात भट्ट्या दोन. मोठीत युरोपचे बोल्ट तापायचे, धाकटीत इथल्याच ट्रॅक्टरवाल्यांचे. लालबुंद झालेले बोल्ट बाहेर काढून एकदम बुडवायचे, म्हणजे ते चिवट होतात. त्याला 'पाणी देणं' म्हणतात, आणि बुडवतात मात्र तेलात. बोलायचं एक आणि करायचं दुसरं, ही या धंद्याची जुनीच रीत आहे. दोन्ही भट्ट्यांना जळायला तेल एकाच टाकीतून जायचं. मग युरोपच्या बोल्टांच्या नावावर किती तेल मांडायचं आणि ट्रॅक्टरच्या किती? तर कुठली भट्टी किती वेळ चालली त्यावरून. आणि भट्टी कधी चालली हे ठाऊक भट्टीवरच्या माणसांना. त्यांचे हात तेलानं माखलेले, ते लिहिणार कधी? म्हणून मोहिनीनंच युक्ती काढली होती. पाळी संपली की चांदभाईंनी नाहीतर निंबानं फोनवर दोन वाक्यं बोलायची, आणि भूमिका मॅडमच्या कंपनीचं ॲप ती ऐकून इंग्रजीत लिहून हिशेबाला लावणार. या युक्तीबद्दल तिची पाठ थोपटली गेली होती. तिलाही तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

जळगावहून आल्यापासून ती भट्टीच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून चूक शोधत होती. खाली भट्टी, वर पत्रा, मध्ये ती. तेलाची खरेदी तपासली, विजेची बिलं तपासली, बोल्ट ज्यातून बनतात त्या तारेच्या वेटोळ्यांचं वजन तपासलं. सगळं जुळत होतं आणि आकडा तरी दुप्पटच येत होता. अडकित्त्यात धरलेल्या सुपारीला काय वाटत असेल ते तिला त्या दिवसांत कळलं.

एका संध्याकाळी ती सोनगीरला उतरून तशीच आईच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसली. आईला, बेबाबाईला, सगळं गाव बांगडीवाली अक्का म्हणतं. बाजार ओसरला होता. बेबाबाईनं चुड्यांचे डबे एकात एक बसवले आणि म्हणाली, "मोहनी, आते कोनी येत नही. चाल, दुकान वाढाई दे."

मोहिनी उठली, तिनं शटरला हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

दुकान वाढाई दे! आपल्याकडे कोणी दुकान बंद करत नाही, वाढवतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. देवापुढचा दिवा विझवला असं मराठी माणूस म्हणणार नाही, जीभ जड होते. जे संपतं त्याला आपण वाढतं म्हणतो, कारण नशिबाला ऐकू जातं अशी आपली खात्री आहे. आणि बांगडी? बांगडीवालीच्या घरात तर फुटली हा शब्दच बंदीतला. वडील गेले त्या दिवशी चार बायकांनी बेबाबाईच्या हातातल्या बांगड्या 'वाढवल्या' होत्या. मोहिनी दारात उभी होती. तिथं काय वाढलं होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिनं तिथंच पायरीवर बसून फोन उघडला. चांदभाईंचा आवाज लावला. "बेटा, बडी भट्टी बढा दी, छोटी चालू है." निंबाचा लावला. "ताई, मोठी भट्टी वाढाई दिधी." आणि त्याखाली यंत्रानं इमानेइतबारे इंग्रजीत लिहिलं होतं की मोठ्या भट्टीची आच वाढवली. ज्या ज्या पाळीला ती भट्टी गार पडलेली होती, त्या त्या पाळीला हिशेबात ती भडाभडा पेटलेली होती, आणि ट्रॅक्टरच्या बोल्टांचं तेल युरोपच्या बोल्टांच्या डोक्यावर गेलं होतं.

मोहिनी एवढ्या मोठ्यानं हसली की समोरच्या तांब्या-पितळेच्या दुकानातला माणूस बाहेर आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सुरुवातीला ती स्वतः हे आवाज ऐकत होती, पण तिला त्यात खटकणार काय? तिच्या कानाला ते बरोबरच होतं. इंग्रजी मात्र तिनं कधी वाचलं नव्हतं.

"काय व्हयनं व माय तुले?" बेबाबाई घाबरली.

"काही नाही आई. तुझ्या एका शब्दानं माझी नोकरी वाचली."

एवढं बोलायला नको होतं.

तिनं भूमिका मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. "तुमच्या भाषेत वाढवणं म्हणजे बंद करणं?"

"तुमच्याही भाषेत, मॅडम."

"थांबा," त्या म्हणाल्या, "माझी आजी म्हणायची, आजोबा दुकान वाढवून येतील मग जेवू. मला वाटायचं आजोबा रोज दुकान मोठं करतात. मग ते एवढंसंच कसं राहिलं, हे कोडंच होतं मला." त्या हसल्या, आणि त्यांनी आपल्या माणसांना सांगून ॲपला नवा धडा दिला. 'वाढव', 'वाढाई', 'बढा' हे शब्द आले की लिही, विझवलं. मोहिनीनं जुने आवाज पुन्हा पुन्हा ऐकवून त्याच्याकडून तो धडा घोटून घेतला. यंत्र शहाणं झालं, पण शिकवलं तेवढंच. दुसऱ्याच दिवशी निंबा गमतीनं बोलला, "शेठले सांगा, आमना पगार वाढाई द्या," आणि यंत्रानं लिहिलं, मालकाला सांगा, आमचा पगार विझवा. निंबा ते दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला. "यंत्रले शेठनं मन समजस!"

पण जुना आकडा हॉलंडला जाऊन पोचला होता, आणि पडताळणीचा माणूस निघाला होता.

तो चेन्नईचा. नाव लांबलचक, कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून कामगारांनी त्याला तपासे करून टाकलं. किडकिडीत, सभ्य माणूस, फक्त गरम पाणी प्यायचा. मोहिनीनं त्याला वाढवण्याची सगळी कहाणी सांगितली, दुकान, नारळ, बांगडी. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," तो म्हणाला, "आकडा वाईट आला, आणि मग तुम्हाला आठवलं की शब्दाचा अर्थ उलटा आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

त्याचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. तिनं मराठी-इंग्रजी शब्दकोश पुढे केला. त्यात दोन्ही अर्थ होते, मोठं करणंही आणि बंद करणंही. तपाशांनी पान बारकाईनं पाहिलं. "दोन्ही आहेत. मग कुठल्या पाळीला कुठला?" भट्टीची उष्णता नोंदवणारं मीटर गेल्या आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून, बिघडलेलं. दुरुस्त करू, करू म्हणता राहून गेलं होतं. तेलाची टाकी एकच, तिला विचारून कळणार नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाजवळ पुरावा नसला की त्याचं तोंड चोरासारखं दिसायला लागतं, आणि मोहिनीला समोरच्या काचेत तसं दिसतही होतं.

"एक वाट आहे," तपासे म्हणाले. "भट्टीचा मुख्य माणूस मला त्याच्या तोंडानं सरळ शब्दात सांगू दे. जळत होती की विझलेली होती. मी ते ध्वनिमुद्रित करतो. त्याची साक्ष आणि पाठवलेल्या मालाचं वजन जुळलं तर मी मान्य करतो."

मोहिनीचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना?

चांदभाई वर आले. जवानीपासून हीच भट्टी त्यांच्या हातची. शेठच्या वडिलांनी ती बांधली तेव्हा पहिली काडी त्यांनीच लावली होती. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले.

"बडी भट्टी उस रोज जलती थी?" तपाशांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"नहीं साब. बढा दी थी."

"बढा दी मतलब?"

"मतलब... बंद थी."

"बंद तर तुमची माणसं जेवणाच्या सुट्टीतही म्हणतात," तपाशांनी मोहिनीकडे वळून सांगितलं. त्यांनी सगळे आवाज ऐकले होते. "तेव्हा आत बारीक आच असते, तेल जळतच असतं. हे कुठलं बंद?" मग पुन्हा चांदभाईंना, "आग पूरी गई थी?"

"ठंडी कर दी थी, साब."

"कितनी ठंडी? कम गरम?"

चांदभाईंनी टोपी नीट केली. असहायपणे मोहिनीकडे पाहिलं.

"बुझी थी क्या? हां या ना?"

चांदभाईंनी काचेतून खाली भट्टीकडे पाहिलं. खालून भट्टीचा घोंगावणारा आवाज येत होता. ती त्या दिवशी चालू होती. तपाशांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. चांदभाई म्हणाले, "साब, बढाई हुई थी," आणि जिना उतरून निघून गेले. तपाशांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. उद्या दुपारची त्यांची गाडी होती.

मोहिनी धावत खाली गेली. चांदभाई नळाजवळ बसले होते.

"चाचा, एक शब्द आहे. फक्त एक. तुम्हाला ठाऊक आहे ना, खरं तेच आहे ते?"

"सच है, बेटा. पण जिस आग ने सारी उमर रोटी दी, उसके मुंह पर वो लफ्ज कैसे बोलू? तेरी अम्मा को बोल, बांगडी को वो लफ्ज बोलके बता. बोलेगी?"

नाही बोलणार. मोहिनीला माहीत होतं. तिला स्वतःलाही बोलवलं नसतं. पण तिच्यापुढे दुसरं दार नव्हतं, आणि ती बोलली, "चाचा, तुम्ही नाही बोललात तर हॉलंडचं काम जाणार. काम गेलं की मोठी भट्टी शेठ मोडीत काढणार. तुमच्या एका शब्दानं ती वाचेल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती की घामच होता, हे त्या उन्हात कोणाला कळणार?

"भट्टी के सामने नहीं बोलूंगा," ते शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात गेटबाहेर निघाली. चांदभाई पुढे, मागे तपासे, डोक्यावर रुमाल घेतलेले शेठ, मोहिनी, आणि कारण नसताना निंबा. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली चांदभाई थांबले. तिथून चिमणी दिसत होती, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ केली. तपाशांनी फोन पुढे धरला.

चांदभाई काहीतरी पुटपुटले.

"थोडं मोठ्यानं," तपासे म्हणाले.

"बुझाई थी," चांदभाई मोठ्यानं म्हणाले. "मैं ने बुझाई थी. अपने हाथ से."

तपाशांनी मान डोलावली, आभार मानले, हातही मिळवला. चांदभाई तसेच आत गेले आणि नळावर चूळ भरत राहिले, बराच वेळ.

आकडा पास झाला. निम्म्यावर आला. हॉलंडहून कौतुकाची मेल आली, शेठनी धुळ्याहून पेढे मागवले, आणि भूमिका मॅडमनी फोन केला की पुढच्या जळगावच्या कार्यक्रमात मोहिनीनंच बोलायचं, नरडाण्याच्या एका छोट्या कारखान्यानं हे कसं जमवलं ते. मोहिनीनं एक पेढा चांदभाईंना नेऊन दिला. त्यांनी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला, नात रूहीसाठी. त्या दिवशी ती खूप दिवसांनी पोटभर जेवली आणि आईला म्हणाली, सुटलो.

सुटली कसली! आठवडा गेला असेल नसेल, शेठनी तिला बोलावलं. त्यांच्यापुढे तपाशांचा अहवाल होता. शेठ धंदेवाला माणूस, पेढे खाऊन झाल्यावर त्यांनी तो वाचलाही होता.

"मोहिनीबेन, मला इतकी वर्षं वाटत होतं मोठी भट्टी आपली लक्ष्मी आहे. तुमच्या या कागदानं डोळे उघडले. अहो, ती चालते त्याहून जास्त तर बंद असते! आणि प्रत्येक वेळी गार झालेली पुन्हा तापवायला तेल जातं ते वेगळंच. मी चाकणला बोललो. तिकडे गॅसची भट्टी आहे, त्यांचा आकडा आपल्याहून बराच कमी. बोल्टांना पाणी तिकडून देऊन आणू. हॉलंडवाले एकदम राजी आहेत."

"आणि भट्टीवरची माणसं?"

"निंबाला पॅकिंगला घेतो. बाकीच्यांचं... बघू. चांदभाईंचं वयही झालंच." शेठनी नजर चुकवली. ते वाईट नव्हते, त्यांना वाईट वाटतही होतं, पण वाईट वाटण्याचा रकाना त्यांच्या हिशेबात नव्हता. "तुमची नोकरी आता पक्की. आणि पगार वाढवतो तुमचा."

त्या शब्दानं मोहिनीच्या अंगावर काटा आला.

ती भांडली. आकडा आता चांगला आहे, भट्टी ठेवूनही काम मिळेल, असं सांगितलं. शेठ म्हणाले, चांगल्याहून चांगला मिळत असेल तर? कायदाच तसा आहे ना, दरवर्षी आकडा खाली आणायचा? तुम्हीच समजावलं होतं मला. होतं समजावलं. चुकीच्या आकड्यानं भट्टी गेली असती, आणि खऱ्या आकड्यानंही गेली. आगीतून निघून फुफाट्यात, तेही स्वतःच्या पायांनी आणि बक्षीस घेऊन. नोकरी सोडते असं तिच्या तोंडाशी आलं होतं. पण सोनगीरच्या बाजारात दुकान उघडून बसलेली आई तिला दिसली आणि तिनं तोंड मिटलं. मग तिला स्वतःचाच राग आला, शेठपेक्षा जास्त.

चांदभाईंना तिनंच सांगायचं ठरवलं. एवढं तरी आपण करावं. ती खाली गेली तेव्हा ते भट्टीच्या दाराची वीट चाचपून पाहत होते. बातमी आधीच पोचली होती.

"चाचा, माझ्यामुळे..."

"नहीं बेटा." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "उसने सुन लिया. गेट इतना दूर नहीं था."

तिला सांगायचं होतं की असं नसतं, शब्दानं भट्टी जात नाही, अहवालामुळे गेली, चाकणच्या गॅसमुळे गेली. पण अहवालात होतं काय? त्यांचा तो एक शब्दच होता. त्याच्यावर शिक्का बसला आणि त्याच्या जोरावर भट्टी मोडीत निघाली. म्हातारा म्हणत होता ते अगदी खरं होतं आणि तिच्याजवळ त्याला खोटं पाडायला काही नव्हतं.

मोठ्या भट्टीची शेवटची पाळी एका दुपारी संपली. युरोपचा उरलेला माल बाहेर निघाला, तेलाचा कॉक फिरवल्याचा आवाज आला, आणि तो घोंगावणारा आवाज, ज्याची मोहिनीला इतकी सवय झाली होती की ती तो ऐकतच नसे, हळूहळू खाली बसत गेला. काचेच्या खोलीतून तिला चांदभाईंची पाठ दिसत होती. त्यांनी भट्टीच्या दारावर हात ठेवला, हात छातीला लावला, आणि खिशातून फोन काढला. पाळी संपली की बोलायचं, हे तिनंच शिकवलं होतं. कोणीही आज ते करू नका म्हणून सांगितलं नव्हतं.

तिच्या टेबलावर फोन वाजला.

"बेटा, बडी भट्टी बढा दी." रोजचाच आवाज, रोजचंच वाक्य. थोडं थांबून त्यांनी पुढे म्हटलं, "छोटी चालू है."

पडद्यावर क्षणभर टिंबं नाचली. मग शहाण्या झालेल्या यंत्रानं तिनंच घोटून घेतलेला धडा बिनचूक म्हणून दाखवला. मोठी भट्टी विझवली. वर चांदभाईंचं नाव होतं आणि खाली तो शब्द, जणू त्यांनीच उच्चारलेला. जन्मभर जपलेली जीभ त्यांना एकदाच विटाळावी लागली होती, आणि यंत्रानं ते काम शेवटच्या पाळीलाही त्यांच्या नावावर करून टाकलं होतं.

मोहिनीनं त्या ओळीवर बोट ठेवलं, तो शब्द पुसला, आणि यंत्राचा पूर्वीचा चुकीचा इंग्रजी शब्द स्वतःच्या हातानं लिहिला. वाढवली. मग ओळ पुढे पाठवून दिली.

हॉलंडच्या हिशेबात त्या पाळीला नरडाण्याची मोठी भट्टी अजूनही जोरात पेटलेली आहे.